बुक्कीने फोडलेला कांदा

अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या धुण्यावर काळं पडायला लागलं, की समजायचं, ऊसतोड सुरू झाली. कुणाचा तरी ऊस गेलेला असतो, मागं राहिलेलं पाचट त्यानं पेटवलेलं असतं, आणि जळलेली पानं वाऱ्यावर गावभर फिरतात. लांबट, हलकी, बोट लावलं की मोडणारी. हातानं झटकली तर पांढऱ्या कापडावर रेघ उमटते, म्हणून फुंकर मारून काढायची. दर वर्षी हे काळं पडतं आणि दर वर्षी मला वाटतं, या खेपेला नुसतं धुणं आत घ्यावं, बाकी काही आठवू नये. ते जमत नाही. या दिवसांना वास असतो. जळक्या पाचटाचा, गुऱ्हाळावर उकळणाऱ्या रसाचा, आणि त्या दोन्हींच्या खाली, फक्त मला येणारा, बुक्कीनं फोडलेल्या कांद्याचा.

आमच्या घरात कांदा विळीवर चिरतात. मालकांना भाकरीबरोबर फोडलेला कांदा लागतो, पण मी समोर असले तर ते थांबतात. मी काहीतरी निमित्त काढून परसात जाते, मग आतून धप्प असा आवाज येतो. प्रतीक्षा, माझी उशिरा झालेली लेक, लहानपणापासून हे बघत आली आहे. "मम्मीला कांद्याचं भ्या वाटतंय," असं ती मैत्रिणींना हसून सांगते. मीही हसते.

प्रतीक्षा सांगलीला कॉलेजात मानसशास्त्र शिकते. आष्ट्याहून रोज एसटीनं जाते. यंदा तिला एक प्रकल्प करायचा आहे. बारा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचायच्या, ज्यांत आई किंवा बाप धडधाकट पोराला आजारी ठरवतात, औषधं देतात, दवाखान्यात फिरवतात. आणि मग त्या आईच्या आणि त्या पोराच्या मनात काय चाललं असेल, त्याचा अर्थ लावायचा. तिनं हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी पायरीवर बसून शेंगा फोडत होते.

"असं कुठं असतंय व्हय?" मी विचारलं.

"असतं, मम्मी. त्याला नाव पण हाय डॉक्टरांच्यात."

नाव तिनं सांगितलं. ते इंग्रजी होतं आणि लांब होतं. मी पुन्हा विचारलं नाही. इतकी वर्षं ज्या गोष्टीला माझ्याकडे नावच नव्हतं, तिला कुठंतरी नाव होतं, एवढंच डोक्यात राहिलं. शेंगा फोडता फोडता मी टरफलं डब्यात आणि दाणे टरफलांच्या ढिगात टाकत होते, हे प्रतीक्षानं दाखवलं तेव्हा कळलं.

मग रविवारी ती मला त्या गोष्टी सांगायला लागली. वाचलेलं मोठ्यानं सांगितलं की तिला नीट लिहिता येतं. एका गोष्टीतली मुलगी शहरात चौथ्या मजल्यावर राहते. तिचं काळीज कमजोर आहे असं आई सांगते, म्हणून तिला जिना चढायची बंदी. एक दिवस आई बाजारात गेल्यावर ती धावत गच्चीवर जाते. धाप लागते, पण काळीज बंद पडत नाही. गच्चीवर उभी राहून ती सगळं शहर बघते.

"मग?" मी म्हणाले.

"मग काय? संपली की. तिला कळलं ना."

तिला कळलं आणि गोष्ट संपली. मी रात्रीच्या भाकरीचं पीठ मळताना त्यावर विचार करत राहिले. गच्चीवरनं ती खाली आली असेल तेव्हा आई बाजारातनं परत आली असेल का? मग दोघी जेवायला बसल्या असतील. ताटात काय वाढलं असेल? लिहिणाऱ्यानं ते सोडूनच दिलं होतं.

माझं माहेर कडेगावच्या बाजूला. वडील फौजेत. आमच्या आळीत निम्म्या घरांतले बाप्ये फौजेत आणि त्या घरांतल्या बायका त्यांची वाट बघणाऱ्या. वडील वर्षातनं एकदा सुट्टीवर यायचे, काळी ट्रंक घेऊन, आणि त्यांनी आणलेल्या साबणाचा वास पोरांच्या अंगाला लागायच्या आत परत जायचे. ते नसताना माझी आई घरात असून नसल्यासारखी होती. पहाटे उठून शेणघाण, भाकरी, मग रान, मग पुन्हा भाकरी. आजी, म्हणजे वडिलांची आई, तिला नावानं हाक मारायची नाही. "अगं ये" एवढंच. आई काही सांगायला लागली की आजी मधेच उठून जायची. मी लहान होते, पण बोलणारं माणूस तसंच तोंड उघडं ठेवून थांबतं तेव्हा कसं दिसतं, ते मी बघितलं आहे.

आईनं मला कधी जवळ घेतलेलं आठवत नाही. ती वाईट नव्हती. तिचा हात रिकामा नसायचा.

मी चौथीत होते. हेच दिवस. आमचं गुऱ्हाळ लागलेलं, पोरं रसाला तांबे घेऊन पळायची. एका सकाळी मी उठले तर उशाशी कांद्याचा उग्र वास, नाकाला ओलं लागलेलं, आणि आई माझं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. भोवती आजी, चुलती, शेजारच्या दोघी. "पहाटं फिट आली पोरीला," आई सांगत होती. "हातपाय असं ताठलं, डोळं पांढरं केलं. मी कांदा फोडून हुंगीवला तवा शुद्धीवर आली बघा." सगळ्या ऐकत होत्या. आजी पण. आईचा तळवा माझ्या कपाळावर होता. खरखरीत, गरम, शेणाचा आणि कांद्याचा वास येणारा. तो तिनं कितीतरी वेळ काढला नाही.

आमच्याकडं फिट आलेल्या माणसाला कांदा हुंगवतात. कुणी चप्पलही हुंगवतात. मला फिट आली होती हे मला कसं कळायचं? त्या वासावरनंच. उठल्यावर उशाला कांदा असला की रात्री येऊन गेली.

वडिलांना तार गेली. ते आले. सुट्टी नसताना आले. मला खांद्यावर बसवून एसटीच्या थांब्यापर्यंत घेऊन गेले. खांद्यावर बसायला मी मोठी होते, पाय त्यांच्या पोटापर्यंत लोंबत होते, तरी उतरवलं नाही. मिरजेच्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. डॉक्टर विचारत होते आणि आई सांगत होती. किती वेळ टिकली, जीभ चावली का, फेस आला का. आई एकेक गोष्ट हातानं करून दाखवायची आणि डॉक्टर मान खाली घालून लिहून घ्यायचे. मधेच म्हणाले, "थांबा बाई, सावकाश सांगा."

माझ्या आईला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सावकाश सांगा म्हणालं होतं. मी स्टुलावर बसून तिच्या तोंडाकडं बघत होते. एवढी सुंदर ती मला नंतर कधी दिसली नाही. परत येताना स्टँडवर वडिलांनी दोघींना भजी घेऊन दिली. आई हसत होती. आम्ही तिघं एका बाकावर. माझ्या लहानपणातला सगळ्यात चांगला दिवस कुठला असं कुणी विचारलं, तर मला हाच सांगावा लागेल. प्रतीक्षाच्या कादंबऱ्यांत ही गोष्ट कुणी लिहिलेली नाही.

गोळ्या सुरू झाल्या. त्या खाल्ल्या की डोळ्यांवर झापड यायची, जीभ जड व्हायची. वर्गात मी पहिल्या रांगेत बसायचे, आता फळ्यावरची अक्षरं हलायला लागली. बाईंनी मला स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवलं होतं. शाळा सुटल्यावर त्या मला गणितं घालायच्या. मी पाटीवर डोकं टेकून झोपायला लागले तेव्हा त्या घरी आल्या.

"एवढी परीक्षा देऊ द्या," त्या आईला म्हणाल्या. "पोरगी हुशार आहे हो."

"डोक्याला ताण द्यायचा न्हाई म्हणल्यात डॉक्टर," आई म्हणाली. "परीक्षेत फिट आली म्हंजे? तुमी बगणार हाय का?"

बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सुमन, तुला काय वाटतंय?"

मला परीक्षा द्यायची होती. आई माझ्या केसांत तेल घालत होती, बोटं चालत होती. मी डोकं तिच्या हाताकडं आणखी झुकवलं. बाई निघून गेल्या. पाचवीची शाळा पाटाच्या पलीकडं होती, आणि फिट येणाऱ्या पोरीनं पाण्याच्या कडेनं जायचं नसतं. विस्तवापाशी बसायचं नसतं. विहिरीवर, झाडावर, झोक्यावर जायचं नसतं. माझी शाळा तिथंच राहिली.

आणि त्याच दिवसांतली ती दुपार.

मी घराच्या पुढच्या सोप्यात गोधडीवर पडले होते. गोळीनं झोप यायला हवी होती, पण त्या दिवशी आली नव्हती. नुसते डोळे मिटून मी बाहेरची बैलांची घुंगरं ऐकत होते. बाहेर उन्हात चुलते आणि आजी आईला रानात चला म्हणत होते, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या होत्या. आई आत आली. तिच्या पायातली जोडवी मला ऐकू आली. ती माझ्यापाशी बसली, आणि थोडा वेळ काहीच झालं नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. मग धप्प. फरशीवर कांदा फुटला. मग ती ओरडली, "आवं आत्ती, पळा! पोरीला बगा, पोरीला फिट आली!"

मी जागी होते.

मी डोळे उघडले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी नंतर इतक्या वेळा केला आहे की त्याला आता धार उरली नाही. मी उघडले नाहीत. पळत येणाऱ्या पावलांचा आवाज आला तसे मी पाय ताठ केले. कसे ताठ करायचे ते मला माहीत होतं, मिरजेला आईनं हातानं करून दाखवलेलं मी बघितलं होतं. आईनं माझं डोकं उचलून मांडीवर घेतलं. तिला कळलं असेल. माझ्या मानेतनं तिला कळलंच असेल. आम्ही दोघी त्यावर कधी एक शब्द बोललो नाही.

प्रतीक्षा सांगते, अशा आयांबद्दल जाणकार वेगवेगळं म्हणतात. काही म्हणतात, तिला लोकांचं लक्ष हवं असतं, कळवळा हवा असतो. काही म्हणतात, लेकरू मोठं होऊन हातातनं जाईल याचं भय असतं, म्हणून ती त्याला अंथरुणात ठेवते. आणि म्हणे वयात येणाऱ्या पोरापोरींना अशी पुस्तकं आवडतात, कारण त्या वयात प्रत्येकालाच वाटतं की आपण ठणठणीत आहोत आणि आईबापांनी उगीच कोंडलंय. मला हे सगळं पटतं. शिकलेली माणसं आहेत, विचार करून लिहिलं असेल. पण ती सगळी आईकडं बघतात, नाहीतर सुटून जाणाऱ्या पोरीकडं. न सुटणाऱ्या पोरीचं काय होतं, ते एका रविवारी मी विचारलं.

"म्हंजे?" प्रतीक्षा म्हणाली.

"म्हंजे तिला कळलं, आणि तरी तिनं डोळं मिटूनच ठेवलं तर?"

तिनं तोंडातलं पेन काढलं. "तसली कादंबरी कोण वाचंल, मम्मी? त्यात काय घडतच न्हाई."

खरं आहे. काही घडत नाही. ती दुपार खोटी होती हे मला माहीत होतं, पण बाकीच्या वेळी मी झोपलेली होते. मग बाकीच्या खऱ्या असतील. एवढं मोठं खोटं कुणी रोज कसं बोलेल? डॉक्टरांनी गोळ्या दिल्या म्हणजे काहीतरी असणारच. मी त्या गोळ्या खात मोठी झाले. बघायला आलेली पाहुणी मंडळी गावात चौकशी करून परस्पर परत जायची. माझ्याबरोबरीच्या पोरींची पोरं शाळेत जायला लागली तेव्हा मला लांब, आष्ट्याला दिली, दुखणं लपवून. लपवायचं म्हणून गोळ्या बरोबर देता आल्या नाहीत. सासरी मी फिटची वाट बघत राहिले. चुलीपाशी बसले की वाटायचं आता येणार. आडावर दोर ओढताना वाटायचं आता. झोपताना भिंतीकडं तोंड करायचे, कुणाला दिसू नये म्हणून. ती आली नाही. उलट डोकं हलकं व्हायला लागलं. दुकानांच्या पाट्या स्पष्ट दिसायला लागल्या. पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आईला परसात गाठून म्हणाले, "आई, तिकडं मला एकदा पण आली न्हाई गं."

आई धुणं पिळत होती. तिनं वर बघितलं नाही. "लगीन मानवलं तुला," ती म्हणाली.

तिचा राग यायला हवा. पुस्तकातल्या पोरींना येतो, त्या भांडी फेकतात, ओरडतात. मी रागाची वाट बघते तेव्हा मला त्या खरखरीत हाताचा गरमपणा आठवतो, आणि मग काहीच येत नाही, ना राग, ना रडू. माझं अंग कधी दुखतं तेव्हा ते खरंच दुखतंय का, हे मला ठरवता येत नाही. छातीत कळ आली तरी मी आधी आजूबाजूला बघते, कुणी आहे का. कुणी नसेल तर खरी असेल, असं समजते.

हे सगळं माझ्यापुरतं होतं तोपर्यंत मी गप्प राहू शकत होते. यंदा तोड सुरू झाली आणि माहेरहून धाकट्या भावाचा, संभाचा, फोन आला. त्याचा मुलगा विक्रम फौजेत आहे. विक्रमची बायको सोनाली आणि त्यांची पोरगी आरू संभाकडंच असतात. आरू दुसरीत आहे.

"अक्का, आरूला फिट यायला लागल्यात गं," संभा म्हणाला. "आई म्हणती, तुझ्याच वळणावर गेली."

मी दुसऱ्या दिवशीच गेले. मालकांना म्हणाले आईला बघून येते. एसटीत बसून मी एकच वाक्य मनात घोकत होते. मला कधी फिट नव्हती. एवढंच म्हणायचं. चार माणसांत मोठ्यानं बोलायची मला सवय नाही, म्हणून ओठांतल्या ओठांत पाठ करत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाचट जळत होतं.

दुपार होती. सोप्याच्या उंबऱ्यात पाय ठेवला आणि वास आला.

आरू पलंगावर पडलेली, तोंडाशी फोडलेला कांदा ठेवलेला. सोनालीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, दुसऱ्या हातात मोबाईल, त्यात विक्रम. "बगा की ओ, कशी पडलीया," सोनाली सांगत होती. तिनं केस नीट विंचरले होते. तिच्या तोंडावर जो उजेड होता तो मी ओळखला. मिरजेच्या दवाखान्यात, हिरव्या लुगड्यात, स्टुलावरनं बघितलेला. संभा पायथ्याशी उभा होता. माझी आई, आता वाकून निम्मी झालेली, भिंतीला टेकून बसली होती आणि म्हणत होती, "नाकाजवळ सरकव कांदा. अजून जवळ."

मी पलंगापाशी गेले. आरूच्या मिटलेल्या पापण्या हलत होत्या.

"सोनाली," मी म्हणाले, "पोरगी जागी हाय."

सोनालीचा हात थांबला. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत एवढी भीती आली की मलाच कसंतरी झालं.

"आत्या, असं काय म्हणताय?" ती हळूच म्हणाली.

"जागी हाय. मी पण जागी व्हते. मला कवाच फिट नव्हती."

म्हटलं. एवढी वर्षं जे म्हणायचं होतं ते म्हटलं. आवाज बारीक आला, पण सगळ्यांना ऐकू गेला. मी आईकडं बघितलं. आईनंही माझ्याकडं बघितलं, सरळ, खूप वर्षांनी.

"तुला यायची तवा तुला तरी कळायचं व्हय?" आई म्हणाली. "झोपलेल्या माणसाला काय म्हाईत?"

संभानं माझा दंड धरला. तो चांगला आहे, हळूच धरला. "अक्का, तुला हे बघवत न्हाई. आत जाऊन बस बरं. पाणी पी. तुझं पण डोकं आता..." पुढचं बोलायची गरज नव्हती. फिट येणाऱ्या बाईचं कोण ऐकतं?

मी आत गेले नाही. खाली वाकले, आरूच्या कानाशी तोंड नेलं. तिच्या केसांना तेलाचा वास होता, ताज्या तेलाचा. "आरू," मी म्हणाले, "डोळं उघड बाळा. मी हाय हितं. कुणी रागवणार न्हाई."

तिनं एक डोळा उघडला. अगदी फटीएवढा, सोनालीला दिसणार नाही अशा बाजूचा. स्वच्छ, जागा, हुशार डोळा. त्यानं माझ्याकडं बघितलं. तिच्या कपाळावर सोनालीचा तळवा होता.

तेवढ्यात मोबाईलमधनं विक्रमचा आवाज आला, तुटक, लांबनं. "रडू नगंस सोनाली. मी येतो. सायबाला सांगून सुट्टी टाकतो. आलोच."

आरूनं ते ऐकलं. मी तिचा डोळा बघत होते, म्हणून मला दिसलं की तिनं ऐकलं. मग तो डोळा मिटला. घट्ट. तिचे पाय चादरीखाली हळूहळू ताठ झाले, आणि कुणी काही न सांगता तिनं स्वतःच मान वळवली आणि नाक कांद्यापाशी नेलं.